पावसातली छाटणी

जयमालाबाईंनी छाटणीची कात्री जास्वंदीच्या बेचक्यात बसवली आणि दोन्ही हातांनी दाबली. फांदी अंगठ्याहून जाड होती. पहिल्या दाबाला नुसती साल फाटली. दुसऱ्यांदा त्यांनी दात आवळून जोर लावला, तेव्हा ती तुटली आणि दगडी गडग्यावरून घसरत पलीकडे शेजारच्या आवडाबाईंच्या आवारात जाऊन पडली. तिच्यावर सात कळ्या होत्या. त्यातल्या दोन उद्या उमलल्या असत्या.

आषाढ सरत आला होता. पावसाने तासाभराची उघडीप दिली होती, तेवढा वेळ साधून त्या बाहेर आल्या होत्या. कापलेल्या खुंटावर पागोळीचं पाणी टपटप पडत होतं. पावसात जास्वंद छाटू नये, हे त्यांना चांगलं माहीत होतं. शाळेच्या बागेत मुलांकडून त्या नेहमी दिवाळीनंतर छाटणी करून घेत, आणि का, तेही समजावून सांगत: उघड्या टोकात पाणी मुरतं, फांदी कुजत खाली जाते.

त्यांनी कात्री पुसली, कोपऱ्यात ठेवली आणि हात धुतले. गडग्यापलीकडे पडलेली फांदी उचलायला जायचं की नाही, याचा थोडा वेळ विचार केला. गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फांदी तिथे नव्हती.

म्हसळ्याच्या कडेला, श्रीवर्धनच्या रस्त्यापासून थोडं आत, जयमालाबाईंचं हे घर दोन वर्षांपूर्वी पुरं झालं. चौतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली होती. तळा, माणगाव, श्रीवर्धन, पुन्हा म्हसळा. प्रत्येक भाड्याच्या खोलीपुढे त्यांनी काहीतरी लावलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी ते मागे राहिलं होतं. बदलीची ऑर्डर बहुधा जूनमध्ये यायची, म्हणजे नेमकी झाडं लावायच्या वेळी. नवरा घराचा पाया पाहून गेला, भिंती त्याने पाहिल्या नाहीत. मुलगा संघर्ष पनवेलला नोकरीत होता, महिन्यातून एकदा यायचा. तेव्हा घर, आवार आणि त्यातली तांबडी माती ही सगळी त्यांच्या एकटीच्या वाट्याची होती.

झाडं घ्यायला त्या दिवेआगर फाट्यावरच्या नर्सरीत गेल्या. नर्सरीवाला गणराज त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने त्यांना खुर्ची दिली आणि एकामागून एक कुंड्या पुढे आणल्या.

"ही बघा बाई, हायब्रीड जास्वंद. पिवळं फूल, मध्ये मरून. बशीएवढं होतं."

"फूल किती दिवस टिकतं?"

"दोन दिवस आरामात. गावठीचं संध्याकाळी मिटतं."

"आणि झाड?"

गणराज हसला. "आता बाईंशी काय खोटं बोलणार. आपल्या पावसात तीन-चार वर्षं. मग बघायचं."

त्यांनी गावठी लाल जास्वंद घेतली. दुहेरी पाकळ्यांच्या दोन तगरी घेतल्या; बाहेरच्या खोलीतल्या बुद्धमूर्तीपुढे त्यांना रोज पांढरी फुलं लागत. अनंताचं एक रोप घेतलं, आणि रस्त्याच्या बाजूला लावायला दोन कण्हेरी, कारण कण्हेरीला शेळ्या तोंड लावत नाहीत.

खड्डे खणले त्या दिवशी गडग्यापलीकडून आवडाबाई बघत उभ्या होत्या. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, चुन्यामातीशिवाय नुसती रचलेली कमरेएवढी भिंत. आवडाबाईंचं वय पंचाहत्तरच्या आसपास, अंगाने वाळलेल्या, पण नजर तीक्ष्ण. त्यांच्या तुळशीमागे पूर्वी जास्वंदीची रांग होती. दोन हजार वीसच्या वादळात आंबा पडला तो नेमका त्या रांगेवर. नंतर लावलेलं एकही रोप शेळ्यांनी गुडघ्यावर येऊ दिलं नव्हतं.

"जास्वंद तिकडं नका लावू, बाई," त्या म्हणाल्या. "थितं सावली हाय. नुसती पानं यायची. हितं लावा, या कोपऱ्यात. सकाळचं ऊन मिळंल."

तो कोपरा गडग्याला लागून होता. सल्ला बरोबर होता, म्हणून जयमालाबाईंनी तो मानला. हातभर खोल खड्डा घेतला, तळाला विटांचे तुकडे आणि पालापाचोळा घातला, वर शेणखत मिसळलेली माती भरली. पहिलं वर्षभर आलेली प्रत्येक कळी त्यांनी नखाने खुडून टाकली. झाडाने आधी अंग धरायला हवं, फुलांना पुढे आयुष्य आहे. उन्हाळ्यात शेंड्यांवर पिठ्या ढेकूण चढला तेव्हा साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल घालून फडक्याने एकेक पान पुसून काढलं. आवडाबाई पलीकडून सांगत राहिल्या: देठाच्या खाली पुसा, तो तिथं लपतो.

अशी ओळख वाढत गेली. जयमालाबाई त्यांना काकी म्हणू लागल्या. एकदा म्हणाल्या, "या ना काकी, चहा ठेवते."

"आज सोमवार हाय. उपास."

पुढे गुरुवारचा उपास निघाला. मग शनिवारचा. एकदा बुधवारी एकादशी आली. मंगळवारी विचारलं तेव्हा आवडाबाई म्हणाल्या, "मंगळवार देवीचा." जयमालाबाईंनी त्यानंतर विचारणं सोडलं. असे उपास त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते, शिक्षकांच्या खोलीतसुद्धा. त्यांचा आता रागही येत नसे.

दुसऱ्या वर्षी जास्वंद फुटली ती अशी की पानं दिसेनात. एका सकाळी त्यांनी वाटीभर फुलं तोडून गडग्यावरून दिली. शेजारणीला म्हणून दिली; पुढे ती कुठे जातात, हा त्यांचा प्रश्न नव्हता. आवडाबाईंनी पदर पसरून घेतली. म्हणाल्या, "लई झाली."

दुसऱ्या दिवशी जयमालाबाई कपडे वाळत घालत होत्या. पलीकडे आवडाबाईंच्या गोठ्यामागच्या उकिरड्यावर काहीतरी लाल दिसलं. फुलं होती. सगळीच्या सगळी, एका जागी, वाहिलेल्या फुलांना लागतं तसं हळदकुंकू कुठे नाही. त्यांनी उरलेले कपडे वाळत घातले, चिमटे लावले आणि बादली घेऊन आत गेल्या.

त्यानंतर महिन्याभराने पहाटेची फुलं नाहीशी होऊ लागली. आदल्या संध्याकाळी मोजलेल्या कळ्या सकाळी नसायच्या. फक्त गडग्यावर वाकलेल्या फांदीवरच्या, बाकीच्या जागच्या जागी. एकदा त्या लवकर उठून खिडकीच्या पडद्याआड उभ्या राहिल्या. आवडाबाई आल्या, इकडेतिकडे पाहिलं, फांदी हळूच खाली ओढली, कळ्या देठासकट खुडल्या आणि फांदी हाताने सावरत, झटका न देता परत वर सोडली. झाडाशी वागायची रीत त्यांना होती. थोड्या वेळाने त्यांच्या घरातून घंटी ऐकू आली.

म्हणजे स्वतःच्या हाताने तोडलेली चालत होती.

संघर्ष फोनवर म्हणाला, "आई, कॅमेरा लावून टाकू. दोन हजाराचा येतो."

"चोर कोण ते मला माहीत आहे."

"मग सांग ना तिला तोंडावर."

"काय सांगू?"

सात-आठ महिने त्या रोज सकाळी त्या फांदीकडे बघत राहिल्या. मग आषाढातल्या त्या उघडिपीत कात्री घेऊन बाहेर गेल्या.

श्रावण लागला. पहिल्याच आठवड्यात, उजाडता उजाडता, दगड गडगडल्याचा आवाज आला. पाठोपाठ माणसाचा. जयमालाबाई चपला न घालता धावल्या. गडग्याचे वरचे चार-पाच दगड पलीकडे कोसळले होते आणि त्यांच्यासोबत आवडाबाई. चिखलात कुशीवर पडल्या होत्या. उजवा हात मनगटाशी भलत्याच बाजूला वळला होता. वरची फांदी, जिला जमिनीवरून हात पुरत नव्हता, अजून हलत होती.

जयमालाबाई त्या खिंडारातून पलीकडे गेल्या. काखेत हात घालून त्यांनी आवडाबाईंना उठवून बसवलं. मग त्यांच्या सुनेला हाक मारली. प्रणाली गोठ्यातून दुधाचे हात घेऊन आली आणि सासूचा हात पाहून जागीच थांबली. तिचा नवरा तळोज्याला कंपनीत, शनिवारी येणारा. तेव्हा रिक्षा जयमालाबाईंनीच फोन करून बोलावली, आवडाबाईंच्या हाताला पुठ्ठा बांधून ओढणीने गळ्यात अडकवला आणि त्यांच्या शेजारी बसल्या; प्रणाली पुढे रिक्षावाल्याजवळ बसली. खड्डा आला की आवडाबाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर आदळत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या खड्ड्यानंतर ते तिथेच राहिलं.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "दुसरी मूठ उघडा आजी, बोटाला क्लिप लावायचीय." आवडाबाई मूठ उघडेनात. शेवटी नर्सने उघडली. आत चुरगळलेली कळी होती. जयमालाबाईंनी ती उचलली आणि पर्समध्ये टाकली.

"पडल्या कशा?" डॉक्टरांनी विचारलं.

"दगड नीट करत व्हते," आवडाबाई म्हणाल्या. "गडग्याचा."

"एवढ्या सकाळी? पावसात?" प्रणालीने विचारलं.

"तिथून शेळ्या येतात माझ्याकडे," जयमालाबाई म्हणाल्या. "मीच बोलले होते त्यांना."

प्रणालीने दोघींकडे पाहिलं. मग ती केसपेपर काढायला गेली.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं, सहा आठवडे सांगितले. त्यानंतर बरेच दिवस आवडाबाई दिसल्या नाहीत. प्रणाली गडग्याशी भेटली की सांगायची, झोप लागत नाही, जेवताना डाव्या हाताची लाज वाटते म्हणून सगळ्यांच्या नंतर जेवतात. जयमालाबाईंनी एकदा पेज करून द्यावी म्हणून तांदूळ काढले, आणि पुन्हा डब्यात टाकले.

जास्वंद मात्र रोज बघावी लागत होती. खुंटाचं टोक आधी तपकिरी झालं, मग काळं. काळा रंग दर आठवड्याला बोटभर खाली उतरत होता. आणखी खाली निरोगी लाकडापर्यंत कापून घ्यायला हवं, हे दिसत होतं. त्या कात्री घेऊन जायच्या, झाडापुढे उभ्या राहायच्या आणि सुकलेली पानं तेवढी वेचून परत यायच्या.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. पुढचं, रस्त्याकडचं. आवडाबाई आत येत होत्या. गळ्यात अडकवलेला हात, डोक्यावरून पदर. या फाटकातून त्या पहिल्यांदाच येत होत्या, तरी पायरीशी न थांबता सरळ जास्वंदीपाशी गेल्या. जयमालाबाई मागोमाग आल्या.

आवडाबाईंनी काळा पडलेला खुंट डाव्या हाताच्या बोटांनी दाबून पाहिला. साल ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

"पावसात जास्वंद कापत न्हाईत, बाई."

"हो."

"तुमाला ठावं व्हतं."

जयमालाबाईंनी फाटकाकडे पाहिलं. रस्त्यावरून मखराचं सामान घेतलेला एक टेम्पो जात होता. तो वळणाआड गेला.

"ठावं होतं," त्या म्हणाल्या.

आवडाबाईंनी मान हलवली, बाजारात भाव पटल्यावर हलवतात तशी.

"कात्री आणा," आवडाबाई म्हणाल्या. "ऱ्हायलं तर बुडख्यात जाईल. मग सगळंच गेलं."

जयमालाबाईंनी कात्री आणली. आवडाबाई बोट ठेवून जागा दाखवत होत्या. "अजून खाली. फुटीचा डोळा दिसतोय का? त्याच्या वर. सरळ न्हाय, तिरपं. पानी उतरलं पायजे." फांदी तुटली. आतलं लाकूड पांढरं, ओलं, स्वच्छ होतं. आवडाबाईंनी गडग्याकडे तोंड करून प्रणालीला हाक मारली आणि मूठभर शेण मागवलं. ते स्वतः डाव्या हाताने कापलेल्या तोंडावर थापलं. नीट बसेना, जयमालाबाईंनी खालून फांदी धरून ठेवली.

हात धुवायला आवडाबाईंनी बाहेरच्या नळाची तोटी सोडली, जयमालाबाईंनी साबण दिला.

"उद्या गणपती हाय," हात झटकत आवडाबाई म्हणाल्या. "मला काय तोडवत न्हाय. प्रणालीला सैपाकातून सवड न्हाय. सकाळी तुमी तोडून आणा."

जयमालाबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "गडग्यावर ठेवू?"

"गडग्यावर कशाला? दगडं हलत्यात." आवडाबाई पदर सावरत फाटकाकडे निघाल्या. "घरी आणा. आठच्या आत. भटजी नवाला येणार हाय."

त्या संध्याकाळी जयमालाबाईंनी संघर्षला फोन केला नाही. करायचा होता, पण काय सांगायचं ते ठरेना. धर्म बदलल्यावर त्यांच्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून खाडीत सोडले होते. तेव्हा जयमालाबाईंचा जन्मही झाला नव्हता, पण ती टोपली त्यांनी इतक्या वेळा ऐकली होती की भरतीची वेळसुद्धा ठाऊक होती. त्यानंतर त्यांच्या घरातलं कुणी कुठल्या देवापुढे काही घेऊन गेलं नव्हतं. हा काही छोटा निश्चय नव्हता. दुसऱ्या कुणाचे उपास आज सुटले, म्हणून आपला निश्चय सोडावा का? आणि आपल्या हातची फुलं घेत नाहीत याचाच राग नव्हता, तर ती फांदी आपण कशासाठी कापली होती?

सकाळी पाऊस नव्हता. त्यांनी आंघोळ केली, तगरीची फुलं तोडून बुद्धमूर्तीपुढे ठेवली, दिवा लावला आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बसल्या. मग परडी घेऊन जास्वंदीकडे गेल्या. अकरा फुलं उमलली होती. त्यांनी फांदी खाली ओढली, देठासकट एकेक फूल तोडलं आणि फांदी हाताने सावरत परत वर सोडली.

पडलेल्या खिंडारातून चार पावलं होती. त्या पुढच्या फाटकातून गेल्या, रस्त्याने वळसा घालून.

आवडाबाईंच्या अंगणात प्रणालीने रांगोळी काढली होती. आत माणसांची गडबड होती, मोदकांच्या गुळाचा वास येत होता, टाळांची पिशवी कुणीतरी शोधत होतं. जयमालाबाई ओटीच्या पायरीपाशी थांबल्या. त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. दारातून मखराचा कागद आणि मूर्तीच्या सोंडेचं टोक दिसत होतं. पायरी चढायची नाही, हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं, आणि ते ठरल्यावर पाय हलके झाले होते.

प्रणालीने त्यांना पाहिलं. "या ना, बाई. आत या."

"इथे बरी आहे. काकींना बोलाव."

आवडाबाई बाहेर आल्या. नवं लुगडं कुणीतरी नेसवून दिलेलं दिसत होतं, निऱ्या एका बाजूला जाडसर बसल्या होत्या. त्यांनी पायरीखाली उभ्या जयमालाबाईंकडे पाहिलं, मागे उघड्या दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा आत या असं म्हटलं नाही. त्यांना कळलं असावं. एकेक पायरी जपून उतरत त्या खाली आल्या आणि रांगोळीच्या कडेला, जयमालाबाईंच्या समोर उभ्या राहिल्या.

जयमालाबाईंनी परडी पुढे केली.

आवडाबाईंचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत जरासा हलला आणि तिथेच राहिला. डावा हात त्यांनी वर आणला, पण परडीला लावला नाही. तो लुगड्याला पुसला. मग तसाच अधांतरी धरून त्या म्हणाल्या, "डावा हात हाय, बाई. डाव्या हातानं घेत्ये. चालंल न्हवं तुमाला?"

आतून कुणीतरी फुलं आली का म्हणून विचारलं. जयमालाबाईंनी परडी हळूच फिरवली, तिची कडी आवडाबाईंच्या डाव्या हाताकडे आली.

"घ्या, काकी," त्या म्हणाल्या.